पहिला ठसा

आमच्या घरात सरकार वर्तमानपत्राच्या तीन दिवस आधी पडायचं. याला कारण माझा दादा. दादा शिक्के करायचा. रबरी, लाकडी मुठीचे, हाताने कोरलेले. मंत्री बदलला, खात्याचं नाव बदललं, एका समितीच्या डोक्यावर दुसरी समिती येऊन बसली, की सगळ्यात आधी शिक्का लागतो. भाषण मागाहून करता येतं. त्यामुळे एखाद्या मंत्र्याचं आटोपलं हे कधी कधी खुद्द मंत्र्याच्या आधी दादाला कळायचं.

"मास्तरीणबाई, या गृहस्थांचं काही खरं नाही," तो रबरावरची नजर न काढता म्हणायचा. की समजायचं, नव्या शिक्क्याची मागणी आली.

मास्तरीणबाई म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. आयुष्यात एक दिवस कुणाला शिकवलेलं नाही. दादाच्या चुका काढते म्हणून हे नाव. माझा नवरा लवकर गेला, त्याच वर्षी वहिनी गेली, आणि दादाच्या पदरात सहा वर्षांची मुलगी. मी माझी पेटी उचलली आणि इथे आले. भाची माझ्या हाताखाली मोठी झाली आणि दादाही. कारण शिक्का सोडला तर त्या माणसाला जगातलं काहीही सरळ येत नव्हतं. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात. ती सवय इतकी अंगात मुरलेली की घाईत असला की वाणसामानाची यादीसुद्धा उलटी लिहायचा. वाणी बिचारा ती आरशासमोर धरून सामान बांधायचा. मी बोलले तर म्हणे, "त्याला वाचता आली ना? मग?"

पुढची खोली त्याची. खिडकीला लागून टेबल, टेबलाला लागून दादा. डोळ्यावर भिंग बांधलेलं, हातात झिजून काडीएवढं झालेलं पातं. आलेल्या माणसाला तो 'बसा' म्हणत नसे. म्हणे, बसलेला माणूस बोलतो. चहा मी गरम नेऊन ठेवायची आणि गार उचलून आणायची. घुमा म्हणावं इतका गप्प, आणि हट्टी तर विचारायला नको.

आणि एक होती वही. सरकारी नियम असा की शिक्केवाल्याने प्रत्येक शिक्क्याचा पहिला ठसा वहीत घ्यायचा, शेजारी तारीख, आणि पुढे शिक्का नेणाऱ्याची सही. वहीच्या दर पानावर पोलीस कचेरीचा छापील क्रमांक, म्हणजे पान फाडायची सोय नाही. जुना शिक्का परत आला की तो गिऱ्हाइकासमोर आडवा-उभा चिरून टाकायचा. दुसरे शिक्केवाले यात चालढकल करायचे, पण दादा नाही. शिक्का पुरा झाला की तो शाईच्या गादीवर दाबायचा, डावीकडे उघडी ठेवलेली वही, थप् करून ठसा. मी क्रमांक घालायची, तारीख घालायची, टिपकागद ठेवून वही मिटायची. सत्तावीस वर्षं. त्या कामाला आमचे हात इतके सरावले होते की मध्ये डोकं लागत नसे. पुढे नडलं ते हेच.

दादाची एक खूणही होती. त्याच्या प्रत्येक गोल शिक्क्याच्या कडेला खाली डावीकडे नखाएवढी फट असायची. बघणाऱ्याला वाटावं, शाई पोचली नाही. कुणी नक्कल केली तर आपल्याला कळावं म्हणून तो ती ठेवायचा. हे त्याला ठाऊक आणि मला.

युद्धाचं तिसरं वर्ष होतं. खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या, नळाला दोन तास पाणी, पावासाठी पहाटेपासून रांग. युद्ध कुणाशी चाललंय ते भिंतीवरच्या नोटिसांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. पण दादाच्या टेबलावरून दिसायची ती लढाई वेगळीच. एका बाजूला पुरवठामंत्री, दुसऱ्या बाजूला संरक्षणमंत्री. एकाच सरकारातले, एकाच इमारतीतले, फक्त जिने वेगळे. भांडण कशावरून, तर भरतीतून माणसाला सूट कुणी द्यायची. बेकरीवाले, पाणीवाले, रेल्वेवाले यांनी आघाडीवर न जाता आपापलं काम करायचं, असा कायदा होता. पण अमका माणूस खरंच बेकरीवाला आहे, हे सांगणारा शिक्का ज्याच्या हातात, त्याच्या मुठीत त्या माणसाचं अख्खं घर. शत्रूशी कोण कसं लढत होतं मला माहीत नाही, पण या शिक्क्यासाठी दोघे जिवाच्या आकांताने लढत होते.

आमचा जावई खराखुरा बेकरीवाला. गोल चेहरा, भुवयांत कायम मैदा, आणि तोंडाने सतत शीळ. भाची त्याला दिवसातून दहादा झापायची आणि तो अर्धा तास दिसला नाही तर दारात येऊन उभी राहायची. सूट दिल्याचा कागद त्याला मागताक्षणी मिळाला असता. पण मागायला जावं लागतं ना! चार महिने 'उद्या जातो' चाललं होतं. एका सोमवारी दादाने निरोप धाडला, "आजच्या आज जा." कारण पुरवठा खात्याची सूट समिती बरखास्त होत असल्याचं त्याला टेबलावर कळलं होतं. जावयाचा उलट निरोप आला, "पीठ मळून ठेवलंय, परवा नक्की." मंगळवारी समितीचा शिक्का परत आला आणि दादाने तो स्वतःच्या हाताने चिरला. जुने कागद चालतील, नवे यापुढे संरक्षण खातं देईल, असं जाहीर झालं. संरक्षण खात्याने त्याआधीच्या वर्षभरात एकाही बेकरीवाल्याला सूट दिली नव्हती. त्या मंगळवारी मी जावयाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि जाताना माझ्या हातात गरम पाव ठेवून गेला. अशा माणसावर रागावून तरी काय करायचं?

तीन आठवड्यांनी भर दुपारी पुरवठा खात्याचा माणूस आला. याला मी गोडबोल्या म्हणायची. न सांगता बसला.

"काका, तुमच्यासारखा हात नाही शहरात," त्याने सुरुवात केली. "तो समितीचा शिक्का पुन्हा एकदा करून द्यायचा."

"तो मी चिरला. तुमच्यासमोर," दादा म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो. आमची काही माणसं राहून गेली हो त्या गडबडीत. मागची तारीख घालून कागद द्यायचे, बस. कुणाचं काय जातंय?"

"वहीत घ्यावा लागेल."

"वहीत घ्यायचा असता तर मी शिपाई पाठवला असता." त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. जावयाचं नाव, धंदा, पत्ता, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, खाली दोन सह्या. शिक्का तेवढा बाकी. "शिक्का झाला की पहिला कागद हाच."

दादाने माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत त्याने धंद्यातलं मला काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कर." हे मी लपवणार नाही. कर म्हणणारी मी.

दोन तास तो कोरत होता. गोडबोल्या आधी थंडीवर बोलला, मग गुडघेदुखीवर, मग रस्त्यावर लक्ष ठेवायला बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. शिक्का पुरा झाल्यावर आत आला, जावयाच्या कागदावर ठसा मारला, शिक्का खिशात टाकला आणि गेला. कागद माझ्या हातात होता. मला इतका आनंद झाला होता की मी तशीच चपला घालून बेकरीवर पळाले. भाचीने कागद वाचला, नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागली. त्या दिवशी जावयाने रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना एकेक पाव जास्त दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेचे मुख्याध्यापक शिक्का न्यायला आले. दादाने ठसा घ्यावा म्हणून मी वही उघडली आणि टिपकागद उचलला. समितीचा गोल शिक्का, ठसठशीत, खाली डावीकडे नखाएवढी फट. शेजारी माझ्या वळणदार अक्षरात क्रमांक आणि तारीख. आदल्या दिवसाची. सहीची जागा रिकामी.

गोडबोल्या ओट्यावर असताना दादाने थप् केलं होतं आणि मी तारीख घातली होती. टिपकागदसुद्धा ठेवला होता. दोघांपैकी एकालाही आठवत नव्हतं.

मुख्याध्यापक गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. भाची आणि जावई आले. जावई म्हणाला, "बाबा, वही भट्टीत टाकतो. पाच मिनिटांचं काम."

"वही नसलेला शिक्केवाला म्हणजे चोर," दादा म्हणाला. "दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पहिला प्रश्न हाच, वही कुठाय."

"मग तेवढंच पान."

"त्यावर पोलिसांचा आकडा आहे. आणि पलीकडच्या बाजूला चार खात्यांच्या सह्या."

"खाडाखोड?" भाची म्हणाली.

"खाडाखोड केली की तिथेच बोट जातं."

जावयाने काही तरी शीळ घालायला तोंड केलं आणि मिटलं. मला स्वतःच्या अक्षराचा इतका राग कधी आला नव्हता.

नऊ दिवसांनी संरक्षण खात्याचा माणूस आला. याला मी मोजकेसाहेब म्हणते, कारण तो शब्द मोजून टाकायचा. समितीचे नवे नवे कागद कुठून उगवताहेत, याचा वास त्यांना लागला होता. दादाने 'बसा' म्हटलं नाही, तोही बसला नाही. उभ्याउभ्या वहीची पानं मागून पुढे चाळायला लागला. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"ही समिती तर आधीच गेली."

"हो," दादा म्हणाला.

"मग ही तारीख?"

मी पुढे झाले. "साहेब, ती माझी चूक. तारीख मी घालते. महिना चुकला."

तो दादाकडे वळला. दादाला फक्त मान हलवायची होती. एवढंच. पण दादा म्हणाला, "ती तारखेत चुकत नाही."

तोपर्यंतच्या आयुष्यात मी दादावर इतकी चिडले नव्हते. जावयाचा जीव टांगणीला, आणि या गृहस्थांना वहीची अब्रू! नंतर खूप दिवसांनी मला कळलं, तो वहीसाठी बोलला नव्हता. त्याने मान हलवली असती तर मोजकेसाहेबाने खोटी नोंद करणारी म्हणून मला नेलं असतं. दादाला ते तेव्हाच दिसलं होतं. मला दिसलं नाही.

"आता तुम्ही हे पेपरात देणार," दादा म्हणाला.

"कशाला?" मोजकेसाहेब म्हणाला. "पुरवठामंत्री जाईल, दुसरा येईल. त्यापेक्षा हाच बरा. आता ऐकेल."

"म्हणजे ते कागद?"

"राहतील तसेच."

"माझ्या जावयाचा?"

"तोही. वही आणि तुम्ही आमच्याकडे असाल तोवर."

दादाने भिंग घेतलं, पाती घेतली, शाईची बाटली घेतली, खुर्चीवरची उशी काखेत मारली. गावाला जायचं असल्यासारखं त्याने सगळं आवरलं. मी दारात आडवी उभी राहिले. त्याने माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, खिडकीतलं रबर उन्हात ठेवू नकोस. कडक होतं." मोटार कोपऱ्यावर वळली तरी मी तिथेच होते.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला, पुरवठामंत्री आणि संरक्षणमंत्री हातात हात घेऊन हसताहेत. देशाच्या संकटकाळी मतभेद मिटले म्हणे. पुरवठामंत्र्याचं हसू दात दुखत असलेल्या माणसाचं होतं. ते कशाने मिटले, हे शहरात आम्हा तिघांना माहीत होतं आणि आम्हालाच बोलता येत नव्हतं.

मी संरक्षण खात्याच्या इमारतीच्या फाटकावर सात वेळा गेले. पहारेकरी यादी बघायचा आणि सांगायचा, असं कुणी इथे नाही. पत्र नाही, निरोप नाही. जावई रोज संध्याकाळी पाव घेऊन यायचा, शीळ बंद झालेली. एक दिवस म्हणाला, "आत्या, मी भरतीवर जातो. माझ्यासाठी धरलंय ना बाबांना? मी गेलो की सोडतील."

भाची त्याच्या अंगावर ओरडली, "मूर्खा, सूट असून गेलास तर चौकशी होणार. तुझा कागद खोटा ठरला तर तो करणारा फासावर जाईल! तू गेलास तर दोघंही जाल. घरी बस आणि पाव भाज."

ती म्हणत होती ते खरं होतं. दादा आत होता म्हणून जावई बाहेर, आणि जावई बाहेर राहिला तरच दादा जिवंत. आम्ही कुणी जागचं हललो तरी कुणाचा तरी गळा आवळला जाणार होता. म्हणून कुणी हललं नाही. असे किती तरी महिने आम्ही नुसते बसून काढले.

फाटकावर जाणं सोडलं त्याच सुमाराला मी भाजी आणायला चालले होते. चौकात पाण्याच्या वेळांची नवी नोटीस लागली होती. खाली गोल शिक्का. सहज नजर गेली. खाली डावीकडे नखाएवढी फट! मी तिथेच भिंतीला हात टेकून उभी राहिले. नवा शिक्का म्हणजे या पंधरवड्यातला. म्हणजे दादा जिवंत आहे, त्याचा हात चालतोय, त्याला उजेड मिळतोय.

तेव्हापासून मी नोटिसा वाचत हिंडायला लागले. दिव्यांचे नियम, कोळशाचं वाटप, शत्रूचे हेर ओळखण्याची लक्षणं. नाक भिंतीला लावून. लोक म्हणायला लागले, म्हातारीला देशभक्तीचं वेड लागलं. लागू दे. मी एक शाळेची वही आणली. नोटीस फाडणं गुन्हा होता, म्हणून नुसती नोंद करायची. अमका शिक्का, अमका चौक, तारीख. अकरा महिन्यांत एकोणचाळीस नोंदी झाल्या. दादाच्या वहीसारख्याच, माझ्याच अक्षरात. भाची आली की आधी वही उघडायची आणि विचारायची, "आत्या, या आठवड्यात बाबा कुठे दिसले?"

त्या अकराव्या महिन्याच्या अखेरीस एका सकाळी दोन्ही मंत्री गेले. पळाले म्हणतात, उचलले म्हणतात. त्यांच्याबरोबर मोजकेसाहेब गेला, गोडबोल्या गेला. सेनापतींनी सगळं हातात घेतलं. ज्याला शब्द दिला होता आणि ज्याने शब्द दिला होता, त्यांतला एकच उरला, आणि तो आत होता. दादाला सोडतील या आशेने मी त्याची खोली झाडून घेतली. खिडकीतलं रबर सावलीत ठेवलेलं होतं, ते दाबून पाहिलं. अजून मऊ होतं.

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला मी बेकरीवर होते. भाची गल्ल्यापाशी, जावई आत भट्टीवर. सायकलवरून एक शिपाई आला, एक कागद दिला, सही घेतली आणि गेला. भाचीने सही केली पण तिचे हात पिठाचे, म्हणून कागद मी घेतला. चष्मा माझ्या कपाळावर होता. तो खाली ओढायच्या आत मला शिक्का दिसला. कागदाच्या मधोमध, फाडायच्या रेषेवर मारलेला, गोल, नवाकोरा. खाली डावीकडे फट.

"अगं, दादा आहे!" मी ओरडले. "बघ, बघ, कालपरवाचा ठसा आहे! तुझे बाबा आहेत!" मी हसत होते. आतून जावई हात पुसत धावत आला आणि मला हसताना पाहून तोही हसला.

भाची हसली नाही. ती माझ्या खांद्यावरून कागद वाचत होती. भरतीतून दिलेली सर्व सूट रद्द. नाव जावयाचं. परवा सकाळी सहा वाजता रेल्वे स्टेशनवर हजर राहायचं.

फट अगदी साफ कापलेली होती. हात थरथरला नव्हता. या कागदावर काय छापलं जाणार हे कोरताना दादाला माहीत नसेल का? शिक्क्यात 'सूट रद्द' अशी अक्षरं होती, आणि उलटी अक्षरं त्याच्याइतकी भरभर वाचणारा माणूस नाही. नाव माहीत नसेल, पण बेकरीवाल्यांचं काय होणार हे माहीत होतं. तरी त्याने फट ठेवली. मला कळावं म्हणून की सवयीने, हे मी त्याला कधी तरी विचारणार आहे.

परवा सहाला जावई गेला. तो कागद रेषेवर फाडतात, अर्धा माणसाबरोबर जातो, अर्धा घरी राहतो. शिक्क्याचाही अर्धा अर्धा होतो. फटीची बाजू घरी राहिली. मी हसले होते हे जावयाने मनावर घेतलं नाही. गाडी हलताना म्हणाला, "आत्या, बाबा आहेत हे तरी कळलं." भाची मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

अर्धा कागद माझ्याकडेच आहे. तो मी शाळेच्या वहीत चिकटवला. शेजारी चाळीस आकडा घातला आणि तारीख घातली.